वेताळाचे जनक : ली फॉक



आपल्या पत्रिकेच्या या पानावर आपण संत, समाजसुधारक, शास्त्रज्ञ आणि स्वातंत्र्यसैनिक यांची चरित्रे वाचत असतो. या वेळी जरा निराळ्या माणसाची ओळख करून देत आहे. या माणसाचा धार-देवासशी काहीही संबंध नव्हता. त्यांचे नाव मुलांपैकी फार थोड्यांनी ऐकले असेल. पण त्यांनी निर्माण केलेल्या नायकाचे नाव घरी काकांसमोर किंवा मामांसमोर घेऊन पाहा. त्यांचे डोळे लगेच चमकतील आणि मग ते तुम्हाला अर्धा तास सोडणार नाहीत! तो नायक म्हणजे वेताळ, इंग्रजीत फँटम. आणि त्याचे जनक म्हणजे ली फॉक.

ली फॉक यांचा जन्म २८ एप्रिल १९११ रोजी अमेरिकेतील मिसुरी राज्यातल्या सेंट लुईस या शहरात झाला. त्यांचे जन्मनाव लिऑन हॅरिसन ग्रॉस. ते लहान असतानाच वडील वारले. आईने पुढे आल्बर्ट फॉक एपस्टाइन यांच्याशी विवाह केला. मोठेपणी मुलाने या सावत्र वडिलांच्याच नावातला 'फॉक' हा शब्द आपल्या नावापुढे लावला आणि तेच नाव जगभर गेले. ज्या मुलाने वडिलांचे नाव असे स्वतः निवडून घेतले, त्याने पुढे वडिलांकडून मुलाकडे जाणाऱ्या नावाचीच गोष्ट आयुष्यभर लिहिली, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

लहानपणी त्यांना गोष्टींचे वेड होते. ग्रीक पुराणकथा, राजा आर्थर, रॉबिन हूड, टारझन आणि किपलिंग यांचे जंगल बुक ही त्यांची आवडती पुस्तके. जंगल बुकची पार्श्वभूमी आपल्या मध्य भारतातल्या सिवनीच्या जंगलाची आहे, हे आपल्या मुलांना ठाऊक असेलच. वेताळाच्या गोष्टीत जंगलात राहणाऱ्या, विषारी बाण मारणाऱ्या ठेंगू लोकांच्या टोळीचे नाव 'बंदर' आहे. हा हिंदी शब्द सेंट लुईसच्या मुलाकडे कुठून आला असेल, ते आता सांगायला नको.

फॉक इलिनॉय विद्यापीठात शिकले आणि सेंट लुईसला जाहिरातींचा मजकूर लिहिण्याची नोकरी करू लागले. विद्यार्थिदशेतच त्यांच्या डोक्यात एका जादूगाराची गोष्ट घोळत होती. दोन आठवड्यांच्या चित्रपट्ट्या त्यांनी स्वतःच काढल्या. खोलीत दुसरे कोणी नव्हते, समोर आरसा होता, त्यामुळे जादूगाराचा चेहरा आपल्यासारखाच झाला, असे ते पुढे गमतीने सांगत. त्या पट्ट्या घेऊन ते न्यूयॉर्कला गेले आणि वर्तमानपत्रांना चित्रकथा पुरवणाऱ्या किंग फीचर्स या संस्थेने त्या विकत घेतल्या. ११ जून १९३४ रोजी 'जादूगार मँड्रेक' वर्तमानपत्रांत सुरू झाला. तेव्हा फॉक अवघ्या २३ वर्षांचे होते. चित्रे काढण्याचे काम फिल डेव्हिस या अनुभवी चित्रकाराने हाती घेतले.

या वेळची एक गंमत आहे. तरुण लेखकाला दूरदेशीच्या गोष्टी लिहायच्या होत्या, म्हणून आपण जग फिरलो आहोत आणि पूर्वेकडच्या साधूंकडे शिकलो आहोत, असे त्यांनी स्वतःविषयी सांगून ठेवले होते. प्रत्यक्षात तोवर त्यांचा फारसा प्रवासच झालेला नव्हता. पुढे ही थाप त्यांनी स्वतःच हसत हसत कबूल केली आणि मग खरोखर पुष्कळ देश पाहिले.

वेताळाचा जन्म

मँड्रेक लोकप्रिय झाल्यावर किंग फीचर्सने दुसरी चित्रकथा मागितली. १७ फेब्रुवारी १९३६ रोजी 'फँटम' सुरू झाला. चित्रकार होते रे मूर. सुरुवातीला फॉक यांच्या मनात असे होते की, शहरातला एक श्रीमंत, आरामात राहणारा तरुण रात्री बुरखा घालून गुंडांशी लढतो. पण गोष्ट सुरू असतानाच त्यांनी विचार बदलला आणि नायकाला थेट जंगलात नेले.

गोष्ट अशी. चारशे वर्षांपूर्वी समुद्री चाच्यांनी एका जहाजावर हल्ला केला. सगळे मारले गेले, फक्त एक तरुण लाटांबरोबर किनाऱ्याला लागला. जंगलातल्या बंदर लोकांनी त्याला जगवले. बापाच्या मारेकऱ्याच्या कवटीवर हात ठेवून त्याने शपथ घेतली की, चाचेगिरी, लोभ, क्रौर्य आणि अन्याय यांच्याशी मी आयुष्यभर लढेन आणि माझ्यानंतर माझी मुले व त्यांची मुले लढतील. तो पहिला वेताळ. तो गेल्यावर मुलाने तोच पोशाख, तोच मुखवटा घातला. त्यानंतर त्याच्या मुलाने. बाहेरच्या जगाला हा बदल कधी कळलाच नाही. लोकांना वाटे, हा एकच माणूस आहे आणि तो मरतच नाही. आपण ज्याच्या गोष्टी वाचतो तो एकविसावा.

मुलांनो, इथे थोडे थांबून विचार करा. वेताळ उडत नाही. त्याच्या डोळ्यांतून किरण निघत नाहीत. गोळी लागली तर तोही जखमी होतो. त्याच्याजवळ काय आहे? कसलेले शरीर, एक घोडा, एक लांडगा, दोन अंगठ्या आणि वीस पूर्वजांनी जपलेला शब्द. एका अंगठीने दुष्टांच्या जबड्यावर कवटीची खूण उमटते, दुसरीने सज्जनांना संरक्षणाची खूण मिळते. कवटीच्या गुहेत आधीच्या प्रत्येक वेताळाने आपल्या काळाची हकीकत लिहून ठेवलेल्या वह्या आहेत. अडचण आली की एकविसावा वेताळ त्या काढून वाचतो.

अंगाला घट्ट बसणारा पोशाख आणि बुबुळे न दिसणारा मुखवटा ही आज प्रत्येक सुपरहीरोची ओळख झाली आहे. चित्रकथेत हा वेष प्रथम आणला तो फॉक यांनी. डोळ्यांची कल्पना त्यांना जुन्या ग्रीक पुतळ्यांवरून सुचली. सुपरमॅन त्यानंतर दोन वर्षांनी, १९३८ साली आला आणि बॅटमॅन १९३९ साली. १९३९ मध्येच वेताळाची रविवारची रंगीत पाने सुरू झाली. फॉक यांच्या मनातला पोशाख करड्या रंगाचा होता, पण छापताना तो जांभळा झाला. स्वीडनमध्ये तो निळा आहे आणि इटलीत लाल!

मालव्यात आलेला वेताळ

मार्च १९६४ मध्ये टाइम्स ऑफ इंडियाच्या संस्थेने 'इंद्रजाल कॉमिक्स' सुरू केले. पहिल्या अंकात वेताळाचीच कथा होती आणि पहिले ३२ अंक सगळे त्याचेच. पुढे मँड्रेक, फ्लॅश गॉर्डन वगैरे मंडळी आली. १९७६ साली आबिद सुरती यांनी निर्माण केलेला 'बहादुर' हा अस्सल भारतीय नायक आला. तो चंबळच्या डाकूंशी लढणारा, म्हणजे आपल्याच मध्य प्रदेशाच्या मातीतला. १९९० साली इंद्रजाल बंद पडेपर्यंत ८०३ अंक निघाले. इंग्रजीबरोबर हिंदी, मराठी आणि इतर भारतीय भाषांतही ते निघत.

भारतात आणताना संपादकांनी काही नावे बदलली. मूळ गोष्टीत वेताळाचा देश 'बंगाला' आणि चाचे 'सिंघ' टोळीचे. आपल्या वाचकांना ते खटकू नये म्हणून देशाचे नाव 'डेंकाली' झाले आणि चाचे 'सिंगा' झाले. पहिल्या वेताळाच्या बापाच्या मारेकऱ्याचे नाव मुळात 'रामा' होते, ते 'रामालू' करण्यात आले. हिंदीत घोड्याचे नाव तूफान आणि लांडग्याचे शेरा ठेवले गेले.

सर्वांत सुंदर बदल म्हणजे खुद्द 'वेताळ' हे नाव. आपण राहतो तो मुलूखच विक्रम-वेताळाचा. देवासहून उज्जैन तासाभराच्या वाटेवर आणि विक्रमाच्या बत्तीस पुतळ्यांच्या सिंहासनाची गोष्ट ज्याच्याभोवती रचली गेली, तो राजा भोज धारचा. सोमदेवाने अकराव्या शतकात लिहिलेल्या कथासरित्सागरात तर वेताळाला खांद्यावर घेणारा राजा गोदावरीकाठच्या प्रतिष्ठानचा, म्हणजे पैठणचा आहे. पुढच्या कथांमध्ये तो उज्जैनचा विक्रमादित्य झाला. गोष्टीसुद्धा आपल्या पूर्वजांसारख्याच महाराष्ट्रातून मालव्यात आल्या म्हणायच्या! तिकडे कोकणात आणि गोव्यात वेताळ हा गावाची राखण करणारा देव आहे. तो रात्री गावाच्या सीमेवरून फिरतो, चालून चालून त्याच्या वहाणा झिजतात, म्हणून भक्त त्याला चामड्याच्या वहाणा वाहतात. इंग्रजीतल्या 'चालत्या भुता'ला याहून चपखल नाव कोणते मिळाले असते?

माझे सगळे शिक्षण हिंदी माध्यमात झाले. त्यामुळे आमच्या पिढीतल्या बहुतेकांसारखा मलाही वेताळ आधी हिंदीतच भेटला. हिंदीत तो 'वेताल'. पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांकडून कधीमधी मराठी अंक यायचे, त्यांवर 'वेताळ' असे छापलेले असे. चित्रे एकच, गोष्ट एकच, फरक एका अक्षराचा. ते 'ळ' अक्षर मराठी घराबाहेर फारसे वाचायला मिळत नसे. कितीतरी मालवी-मराठी मुलांनी मराठी वाचण्याचा सराव शाळेच्या पुस्तकांपेक्षा अशा फाटक्या, हातोहात फिरलेल्या अंकांवरच केला आहे. घरचे ओरडत, पण अंक गादीखाली असतच.

कॉमिक्समधला आणि पडद्यावरचा

आजच्या मुलांना सुपरहीरो आधी पडद्यावर भेटतो, पुस्तकात नंतर किंवा कधीच नाही. म्हणून दोहोंतला फरक समजून घेणे चांगले. सुपरमॅन कॉमिक्समध्ये आला तेव्हा तो लांबलांब उड्या मारत असे. १९४१ पासून फ्लायशर स्टुडिओने त्याचे कार्टूनपट काढले. त्या उड्या पडद्यावर बऱ्या दिसेनात, म्हणून तो उडू लागला, असे सांगतात. म्हणजे चित्र हलू लागले की नायकही बदलतो.

वेताळाचेही तसेच झाले. १९८६ साली 'डिफेंडर्स ऑफ द अर्थ' ही ६५ भागांची कार्टून मालिका आली. तीत मँड्रेक, फ्लॅश गॉर्डन आणि वेताळ एकत्र होऊन पृथ्वीचे रक्षण करतात. पण तिथला वेताळ हाक मारताच त्याच्या अंगात दहा वाघांचे बळ येते! १९९४ साली 'फँटम २०४०' ही मालिका आली. तिच्यात भविष्यकाळातल्या शहरात राहणारा चोविसावा वेताळ आहे. ही मालिका मूळ कल्पनेच्या अधिक जवळ होती, कारण त्या मुलाला आपण कोणाचे वंशज आहोत हेच आधी ठाऊक नसते आणि ते कळल्यावर मुखवटा घ्यायचा की नाही, हे त्याला ठरवावे लागते.

कार्टून वाईट असे मला म्हणायचे नाही. हीमॅन, स्पायडरमॅन आणि १९९७ मध्ये दूरदर्शनवर आलेला शक्तिमान यांनी कित्येक रविवार गाजवले आहेत. पण कार्टून आपल्या वेगाने पळते. कॉमिक्सच्या दोन चौकटींमध्ये जी कोरी जागा असते, तिथे काय घडले ते वाचणाऱ्याने मनात भरायचे असते. पान कधी उलटायचे हे मूल स्वतः ठरवते. अडलेला शब्द चित्र पाहून उमगतो. ज्या मुलाला मराठी बोलता येते पण वाचायचा कंटाळा येतो, त्याच्यासाठी यासारखी सोपी पायरी नाही.

फॉक यांच्या लेखनात दोष नव्हते असे नाही. जंगलातल्या काळ्या लोकांचा रक्षणकर्ता एक गोरा माणूस, ही कल्पना त्या काळच्या साहेबी विचारांतूनच आली होती. मँड्रेकचा आफ्रिकी सोबती लोथार सुरुवातीला बिबट्याचे कातडे पांघरणारा, मोडकेतोडके बोलणारा नोकर होता. पण फॉक यांनी काळाबरोबर आपली गोष्ट सुधारली. लोथार साधे कपडे घालणारा, नीट बोलणारा, मँड्रेकच्या बरोबरीचा मित्र झाला. वेताळाच्या देशात लोकशाही आली आणि लुआगा हे आफ्रिकी डॉक्टर निवडून येऊन राष्ट्राध्यक्ष झाले. इतकी वर्षे चालत असलेली गोष्ट स्वतःच दुरुस्त करायला लेखकाचे मन मोठे लागते. मुलांना जुनी पुस्तके देताना आपणही हे समजावून सांगावे.

नाटकवेडा माणूस

फॉक यांचे दुसरे प्रेम म्हणजे रंगभूमी. त्यांनी सुमारे ३०० नाटकांची निर्मिती केली, १०० च्या आसपास नाटके दिग्दर्शित केली, स्वतः नाटके लिहिली आणि नाट्यगृहे चालवली. मार्लन ब्रँडो, पॉल न्यूमन, चार्ल्टन हेस्टन यांच्यासारख्या नटांनी त्यांच्या नाटकांत कामे केली. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी अमेरिकेच्या युद्धमाहिती कार्यालयात परकीय भाषांतील रेडिओ प्रसारणाचे काम केले आणि नंतर ते सैन्यातही होते. हे सगळे करताना वर्तमानपत्रांची रोजची पट्टी मात्र चुकली नाही. चित्रकार बदलत गेले. रे मूर यांच्यानंतर विल्सन मॅकॉय आले, १९६१ पासून तीस-बत्तीस वर्षे साय बॅरी होते. लेखक मात्र एकच राहिला. १९७७ साली वेताळाचे डायना पामरशी लग्न झाले आणि पुढे त्यांना किट व हेलॉइज ही जुळी मुले झाली. बाविसावा वेताळ घरात आला!

१३ मार्च १९९९ रोजी न्यूयॉर्क येथे वयाच्या ८७ व्या वर्षी ली फॉक यांचे निधन झाले. मँड्रेक जवळजवळ ६५ वर्षे आणि वेताळ ६३ वर्षे त्यांनी लिहिला. शेवटपर्यंत ते काम करीत होते. त्यांच्यानंतर दुसऱ्या लेखकांनी वेताळाची कथा पुढे चालू ठेवली. एक लेखक गेला, दुसऱ्याने लेखणी उचलली, वाचकाला वेताळ तोच. आपण लिहिलेली गोष्ट फॉक यांच्या बाबतीत अशी खरी झाली.

आपण यातून काय घ्यावे?

अठराव्या शतकात पवारांच्या फौजेबरोबर मराठी माणसे धार आणि देवासला आली. देवासला तर तुकोजी आणि जिवाजी या दोन भावांच्या थोरली पाती आणि धाकटी पाती अशा दोन गाद्या झाल्या. नंतर कोणी दरबारच्या चाकरीला आले, कोणी शिक्षक म्हणून, कोणी बँक नोट प्रेसच्या नोकरीसाठी. पहिल्या आलेल्या घराण्यांचा हिशेब केला तर दहा-बारा पिढ्या होतात. एवढ्या पिढ्या आपल्या घरांत मराठी कशी टिकली? कोणा एकाच्या अचाट शक्तीने ती टिकली नाही. प्रत्येक पिढीतल्या कोणीतरी पुढच्या पिढीला पाळण्यात, स्वयंपाकघरात, गणपतीच्या आरतीत ती हातात दिली आणि घेणाऱ्याने ती घेतली. वेताळाची ताकदही एवढीच आहे. एका पिढीने मुखवटा घालायचे नाकारले असते, तर आधीच्या वीसही जणांचे श्रम संपले असते.

पालकांना आज याचीच आठवण करून द्यायची आहे. आपल्या शाळेतली पुष्कळ मुले घरी मराठी ऐकतात आणि उत्तर हिंदीत देतात. 'ळ'च्या जागी 'ल' येतो. मराठी पान समोर ठेवले की नजर चित्रावर जाते. हरकत नाही, चित्रावरच जाऊ द्या, पण त्या चित्राखाली मराठी असू द्या. ज्यांच्याकडे जुनी मराठी कॉमिक्स, चांदोबा, किशोर यांचे अंक माळ्यावर पडले असतील, त्यांनी ते रद्दीत न देता शाळेच्या वाचनालयाला द्यावेत. विश्वस्त मंडळाला विनंती आहे की, वाचनालयात यासाठी मुलांच्या हाताला येईल अशा उंचीवर एक कपाट मिळावे. त्याला कुलूप नसावे.

आणि मुलांनो, तुमच्यासाठी सुट्टीचा एक उपक्रम. आजी-आजोबांना विचारा की आपल्या घराण्यातले सगळ्यात आधी मालव्यात कोण आले, कुठून आले, कशासाठी आले. त्यावर एका कागदावर सहा चौकटींची चित्रकथा काढा. चित्र चांगले आले नाही तरी चालेल, संवाद मात्र मराठीत लिहा. कवटीच्या गुहेतल्या वह्यांसारखी आपणही एक वही करू आणि ती वाचनालयात ठेवू. पुढच्या वर्षी येणारी मुले त्यात आपले पान जोडतील.

आपला स्नेहांकित,
प्राचार्य